३१ मार्चपर्यंत नाक्यावरचा दर बदला

हा विनंती अर्ज नाही. विनंत्या करून झाल्या, त्यांच्यावर आवक क्रमांकाचे शिक्के बसले आणि विषय तिथंच संपला. हा महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर राहणाऱ्यांचा जाहीर इशारा आहे. दोन्ही नगरपालिका, जिल्हा प्रशासन, हॉटेलमालक, टॅक्सीवाले आणि सुट्टी लागली की पसरणी घाट चढून येणारे पाहुणे, अशा सगळ्यांनी तो आपल्यालाच उद्देशून आहे असं समजावं. मुदत ३१ मार्च. एप्रिल-मेचा सीझन यंदा जुन्या पद्धतीनं सुरू होऊ द्यायचा नाही, हे ठरलेलं आहे.

मागणी एकच. परगावची गाडी नाक्यावर थांबतेच, पावती फाडतेच. त्या पावतीनं आजवर माणसं मोजली, गाड्या मोजल्या. टाकीत काय भरलंय हे विचारलं नाही. यापुढे दर इंधनावर ठरवा. विजेच्या गाडीला शून्य रुपये. सीएनजीला आजचाच दर. पेट्रोलला दीडपट, डिझेलला तिप्पट आणि बीएस-६ च्या आधीचं डिझेल असेल तर दहापट. एसटी, रुग्णवाहिका, स्थानिकांच्या गाड्या आणि शेतमाल वाहणारे टेम्पो यातून वगळा. जमणारा जादा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून विजेची टॅक्सी घेणाऱ्यांच्या कर्जाचं व्याज, विजेच्या बस आणि चार्जिंगची सोय एवढंच करा आणि दर महिन्याचा हिशेब नाक्यावरच्याच फलकावर लावा. कमानी, रंगीत दिवे आणि स्वागताचे फ्लेक्स यांच्यासाठी त्यातला एक रुपयाही जाता कामा नये.

‘गाडी कशावर चालते हे नाक्यावरच्या पोरानं ओळखायचं कसं?’ ही सबब येणार हे माहीत आहे, म्हणून ती आत्ताच निकालात काढतो. गाडीच्या पुढच्या काचेवर इंधनाचं स्टिकर असतं. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. दिल्लीच्या प्रदूषणाच्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे रंग मान्य केले. बीएस-६ गाडीच्या स्टिकरवर हिरवी पट्टी असते आणि विजेच्या गाडीची तर नंबरप्लेटच हिरवी. निळ्या स्टिकरचं पेट्रोल कोणतं आणि सीएनजी कोणतं, किंवा स्टिकरच नसलेली जुनी गाडी कशावर चालते, एवढ्यासाठी आरसी पाहावी लागेल. त्यासाठी ना यंत्र लागतं, ना सल्लागार, ना अभ्यासदौरा.

आता हे इथंच का, तर हवा हाच या डोंगराचा धंदा आहे. दुसरं काही इथं विकलं जात नाही. जे विकलं जातं ते हवेच्या जोरावर. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली पाचगणीत क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, ते इथल्या कोरड्या, स्वच्छ हवेवर भरवसा ठेवून. त्याच हवेसाठी मुंबई-पुण्याच्या आईबापांनी आपली मुलं इथल्या निवासी शाळांत ठेवली. आज सीझनच्या शनिवारी त्यातल्या काही शाळांच्या फाटकापुढं गाड्यांची रांग तासन्‌तास उभी असते, एसी चालू, इंजिन चालू. केंद्र सरकारनं १७ जानेवारी २००१ ला हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हापासून इथं घराचा मजला वाढवायचा तरी माणसाला दहा दारं झिजवावी लागतात. धुराला मात्र कुठलीच परवानगी लागत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१२ पासून महाबळेश्वरात ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालवली आहे. पावसाचे थेंब ज्या सूक्ष्म कणांभोवती धरतात ते कण तिथं मोजतात. त्या कणांत आपली काजळी मिसळायचं काम खालच्या रस्त्यावर आपण इमानेइतबारे करतो आहोत.

घाटात धूर जास्त का होतो तेही सांगतो, कारण ‘पीयूसी आहे ना’ असं म्हणून पुढं जाणारे बरेच आहेत. पीयूसीची चाचणी गाडी जागेवर उभी करून होते. पसरणीत किंवा आंबेनळीत माणसांनी आणि सामानानं भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर रडत चढते, इंजिनावर भार पूर्ण असतो, वळणावर वेग मोडतो, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. जुनं डिझेल इंजिन काजळी सोडतं ते नेमकं अशाच वेळी. हिवाळ्यात रात्री थंड हवा दरीत उतरून बसते आणि धूर तिच्यातच कोंडतो. तेच दिवस स्ट्रॉबेरीचे. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं फळ रस्त्याकडेच्या वाफ्यात त्या धुरात पिकतं आणि पाहुणे ते तिथंच, न धुता खातात.

विजेच्या गाडीचं गणित घाटात उलटं चालतं. रांगेत उभी राहिली तर धूर नाही. चढताना वीज जास्त खाते हे खरं, पण उतरताना मोटर जनित्रासारखी फिरते, ब्रेकचं काम बरंचसं तीच करते आणि बॅटरीत वीज परत भरते. (ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: वरच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरू नका, परत येणारी वीज साठवायला जागाच उरत नाही.) ‘वीज कोळशाचीच ना?’ असं विचारणारे हुशार लोक भेटतात. बरीचशी कोळशाचीच आहे आणि तो धूर चंद्रपूर-कोराडीच्या माणसाच्या छातीत जातो, हे आम्ही लपवत नाही. पण याच तालुक्यात उगम पावून तापोळ्याखाली शिवसागरात साठणाऱ्या कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा वीजप्रकल्प उभा आहे. त्या पाण्याखाली याच खोऱ्यातली गावं गेली. तिथल्या विजेवर इथली एक बस फिरावी, ही मागणी फार झाली का?

बाकीच्या इंधनांबद्दल थोडक्यात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, सातारा जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना ते लाभाचंही असेल. पण डिझेलच्या काजळीवर त्याचा काडीचा परिणाम नाही आणि उसाला लागणारं पाणी कुठून येतं ते कृष्णाकाठी वेगळं सांगायला नको. सीएनजीचा चढावर दम कमी पडतो, काजळी मात्र फारच कमी, म्हणून पुढची काही वर्षं ती आम्हाला चालेल. हायड्रोजन तूर्त भाषणांपुरता ठीक आहे.

टॅक्सीवाले बंधूंनो, तुमच्यापाशी थोडं थांबून बोलायचं आहे, कारण या इशाऱ्यानं सगळ्यात जास्त बिथरणार ते तुम्ही. तुमच्या पोटावर पाय द्यायला आम्ही आलेलो नाही. एक हिशेब मांडून बघा. बाजारपेठेतून आर्थर सीटला जाऊन येणं, मग प्रतापगड, नाहीतर पाचगणीची फेरी. एवढं करून दिवसाला शंभर किलोमीटरही क्वचित होतात. विजेच्या गाडीला याहून सोयीचा धंदा महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. रात्री पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावली तर सकाळपर्यंत दीड-दोनशे किलोमीटरची सोय होते. अडचण आहे ती पहिल्या रकमेची, कर्जाच्या व्याजाची. म्हणूनच नाक्यावरच्या जादा पैशातून पहिला वाटा तुमच्या व्याजासाठी ठेवावा असं आम्ही म्हणतो. ही मागणी तुम्ही आमच्याबरोबर केलीत तर ती नाकारायची हिंमत कुणाची होणार नाही.

नाही केलीत, तर काय होतं त्याची उदाहरणं समोर आहेत. रोहतांगला हिमावर काजळी बसू लागली, तिथल्या लोकांनी वेळेत काही ठरवलं नाही, मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ठरवलं: दिवसाला ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल गाड्या, बस्स. टॅक्सीचा नंबर लागला तर धंदा, नाहीतर घरी. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयानं ७ मे २०२४ पासून ई-पास लावला आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात निलगिरीत गाड्यांची मर्यादाच घातली, एरवी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. हॉटेलवाल्यांची ओरड तेव्हा कुणी ऐकली? आपल्या माथेरानचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं हातरिक्षा ओढणारेच ई-रिक्षा मागत होते, तरी प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ ला हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश आला. जे गावानं चार बैठकांत मिटवायचं ते दिल्लीत मिटलं. न्यायालय आकडा ठरवतं, तेव्हा कुणाच्या गाडीचा किती हप्ता बाकी आहे हे बघायला त्याला सवड नसते.

हॉटेलमालकांना फार सांगायचं नाही. ज्याच्या आवारात दहापेक्षा जास्त गाड्या लागतात त्यानं मुदतीच्या आत निदान दोन चार्जिंगच्या जागा कराव्यात, मीटरप्रमाणे पैसे घ्यावेत, आणि ड्रायव्हरला तिथं रात्री पाठ टेकायला जागा द्यावी. शेवटचं कलम विषयाबाहेरचं वाटेल. ज्यांनी थंडीत गाडीतच झोपून हीटरसाठी इंजिन चालू ठेवणारे ड्रायव्हर बघितले आहेत त्यांना वाटणार नाही. एसटीला आम्ही एवढंच म्हणतो की जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवरची पहिली ‘शिवाई’ बस धावली; सीझनमध्ये वाई ते महाबळेश्वर दर पंधरा मिनिटांनी विजेची बस द्या. कारण विजेच्या गाड्यांचाही ट्रॅफिक जाम हा जामच असतो. पाहुण्यांनी गाडी वाईला लावून बसनं वर यावं, हेच खरं औषध आहे.

आणि पाहुण्यांनो, तुम्ही आमचे अन्नदाते आहात हे मान्य. पण दहापट पावतीवरून नाक्यावर कुणी हुज्जत घातली तर त्याला घाटातून परत पाठवावं, याही मताचे आम्ही आहोत.

नगरपालिकांनी ३१ मार्चच्या आत सभागृहात ठराव करावा. त्याला राज्य सरकारची मंजुरी लागेल तर ती मागावी आणि मागितल्याचं पत्र जाहीर करावं. तोंडी आश्वासन, समिती, ‘विषय विचाराधीन आहे’ हे उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. मुदत टळली तर १ एप्रिलला पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठापुढं आमचा अर्ज जाईल. त्यात आम्ही दर वाढवा असं म्हणणार नाही, रोज किती गाड्या वर येऊ द्यायच्या त्याची मर्यादा मागू. मसुदा तयार आहे. त्यातला गाड्यांचा आकडा अजून भरलेला नाही. तो तुमच्या ठरावावर अवलंबून आहे.