कार्बनची नवी खोती

दरवर्षी ५ जून जवळ आला की भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसीत खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात. साहेब येतात, रोप लावतात, फोटो निघतो. पुढे तीच रोपं कंपनीच्या अहवालात पर्यावरणाचं काम म्हणून मांडली जातात. झाडं लावण्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न हिशेबाचा आहे. हवेतला कार्बन लाकडात कोण धरून ठेवतं आणि वहीत नाव कोणाचं लागतं?

आधी विज्ञान नीट समजून घेऊ. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठवतं. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बनच असतो. म्हणजे २० किलोच्या कोरड्या पॅलेटमध्ये सुमारे १० किलो कार्बन आहे. ते पॅलेट जाळलं की सुमारे ३७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण त्याच फळ्यांचा पलंग केला, तर पलंग टिकेल तोवर तो कार्बन आतच राहतो. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने हिशेबासाठी लाकडी वस्तूंचं अर्धायुष्य ठरवलं आहे. कापीव लाकडासाठी ते ३५ वर्षं, प्लायवूडसारख्या तक्त्यांसाठी २५ आणि कागदासाठी फक्त २ वर्षं आहे. तेवढ्या काळात निम्मा साठा संपतो, असं धरतात.

आता चाकणकडे बघा. गाड्यांचे सुटे भाग लाकडी पॅलेटवर आणि पेट्यांत भरून येतात-जातात. निर्यातीच्या लाकडावर ‘एचटी’चा शिक्का असतो. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून कीड मारली आहे, असा त्याचा अर्थ. माल उतरला की कंपनीसाठी ते लाकूड भंगार होतं. मग कोणीतरी ते विकत घेतं, खिळे उपसतं, मोडकी फळी बदलतं. त्यातून पुन्हा पॅलेट, दिवाण, टपरीचं बाकडं तयार होतं. वस्तीतल्या कित्येक घरांतल्या फळ्यांवर तो शिक्का आजही दिसेल. हे काम करणारे बहुतेक दलित, मुस्लिम, भटके-विमुक्त आणि परप्रांतातून आलेले कष्टकरी आहेत. लाकडाचं आयुष्य ते वाढवतात, पण हरित अहवालात त्यांचा उल्लेखही नसतो.

उल्लेख राहिला बाजूला, त्यांना जागाही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो पत्राशेड आणि गोदामं पाडली. कोणी म्हणेल, ती अनधिकृत होती, तिथे आगी लागत होत्या, प्रदूषण होत होतं. खरं आहे. पण आगीत आधी होरपळतो तो तिथलाच कामगार, आणि धूरही आधी त्याच्याच छातीत जातो. त्यावर उपाय म्हणजे परवान्याची जागा, पाण्याची सोय, आग विझवण्याची यंत्रणा. बुलडोझरने भंगार संपत नाही, फक्त ते काम आणखी लांब आणि आणखी असुरक्षित ठिकाणी जातं.

दुसरी बाजू जमिनीची. २०२३ साली केंद्र सरकारने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना आणली आणि त्याच वर्षी ग्रीन क्रेडिटचे नियमही काढले. पडीक जमिनीवर झाडं लावायची आणि क्रेडिट मिळवायचं. पण पडीक कोणाच्या दृष्टीने? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते अशाच जमिनींसाठी. मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली झाला, तरी आजही अनेक कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. कागदावर मोकळी दिसणारी ही जमीन उद्या कोणाच्या वृक्षारोपणात गेली, तर भूमिहीन पुन्हा भूमिहीनच राहणार.

जंगलातही तेच. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्याच पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल आहे. तिथल्या महादेव कोळ्यांसारख्या आदिवासींना २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क दिला. पण जंगलावर जगणाऱ्या दलित कुटुंबाला त्याच कायद्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांना कागदच मिळू दिला नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? उलट, हक्क मिळाल्यावर काय होतं ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवलं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तोडही झाली आणि जंगलही राहिलं.

बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कसणारा कुळ, आणि कागदावर नाव व वसुली खोताची, ही ती पद्धत. आज कार्बनच्या बाबतीत तेच घडतं आहे. जंगल राखणारा आणि लाकूड जपणारा एक, क्रेडिट घेणारा दुसरा. ही नवी खोती आहे.

म्हणून मित्रांनो, पर्यावरण हा आपला विषय नाही असं म्हणून चालणार नाही. तीन कामं लगेच हाती घेता येतील. युनियनमध्ये असाल तर व्यवस्थापनाला विचारा : किती पॅलेट दुरुस्त होतात आणि किती जळतात? शहरात असाल तर पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे लाकूड दुरुस्ती आणि पुनर्वापरासाठी अधिकृत, सुरक्षित जागा मागा, आणि तिथे आधी उठवलेल्यांना प्राधान्य मागा. गावात असाल तर गायरानावर कोणतंही वृक्षारोपण मंजूर होण्याआधी ग्रामसभेत उभे राहा आणि तिथे कसणाऱ्यांची नावं ठरावात नोंदवून घ्या. झाडं लागलीच पाहिजेत. पण ती ज्यांच्या जमिनीवर आणि ज्यांच्या श्रमावर उभी राहणार, त्यांचं नाव वहीत पहिलं लागलं पाहिजे.

जय भीम!