आधी माईक तरुणांच्या हाती द्या

जयंती आली की वस्तीवस्तीत व्यासपीठे उभी राहतात. त्रिसरण-पंचशील होते, मग हारतुरे सुरू होतात. मंचावर पंचवीस पाहुणे, आणि प्रत्येक वक्ता त्या पंचवीसही जणांची नावे 'आयुष्यमान' लावून घेणार! रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायला पोलीस येऊन उभे राहतात. ज्या मुलीने आठ दिवस भाषणाची तयारी केली, तिच्या हातात चिठ्ठी पडते, 'दोन मिनिटांत आटपा.' ती अडखळली की आपणच म्हणतो, पोरीत धीटपणा नाही. तिला धीट होऊ दिले कुणी, असा आमचा मंडळांना सवाल आहे.

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, हा समज ज्यांना पिढ्यान् पिढ्या बोलण्याची मुभा होती त्यांनी खुशाल बाळगावा. आपण बाळगू नये. 17 डिसेंबर 1946 रोजी घटना समितीत ध्येयविषयक ठरावावर बोलण्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बाबासाहेबांना अचानक पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत, आपली पाळी उद्या येईल असे वाटले होते, तयारी करून आलो असतो, असे बाबासाहेबांनी सभागृहाला सरळ सांगून टाकले. आणि मग ते बोलले. मुस्लिम लीग गैरहजर असताना ठराव घाईने मंजूर करू नका, ही त्यांची भूमिका काँग्रेसच्या बाकांनाही कान देऊन ऐकावी लागली. ती तयारी एका रात्रीची नव्हतीच. 1919 साली साउथबरो समितीपुढे, 1928 साली सायमन कमिशनपुढे, 1930 साली गोलमेज परिषदेत त्यांनी समाजाची बाजू कागदपत्रांनिशी मांडली होती. ज्याला प्रकरण पाठ आहे त्याला भाषण पाठ करावे लागत नाही.

कोर्टात आम्हाला हे रोज दिसते. न्यायाधीश पहिल्याच मिनिटाला विचारतात, मागणी काय? शेरोशायरी तिथे चालत नाही. आपल्या सभांत मात्र टाळ्यांची वाक्ये मोजली जातात, आणि घरी जाताना वक्त्याने मागितले काय, हे कुणालाच आठवत नाही.

दुसरी भीती भाषेची. 'न' आणि 'ण' चुकला तर लोक हसतील, म्हणून खेड्यातला कार्यकर्ता गप्प बसतो. हसणाऱ्यांना हसू द्या. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत मुद्दा मांडता येतो. मुद्दाच नसेल तर पुस्तकी मराठीही तुम्हाला वाचवणार नाही.

राजकारणात येऊ पाहणाऱ्यांना तयार करण्यासाठी बाबासाहेबांनी 1956 साली मुंबईत प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. आज इमारतीची गरज नाही, विहार आहेत. रविवारी वंदना झाली की एका मुलाने आणि एका मुलीने पाच-पाच मिनिटे उभे राहून बोलावे. आधी एक मागणी सांगावी, मग तिच्यामागची दोन कारणे. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत, तेही अवघड. वडीलधाऱ्यांनी मध्ये बोलू नये (हेच सर्वांत कठीण जाईल).

विषय शोधायला लांब जायला नको. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती गेल्या वर्षी कुठे गेली, हे सरपंच आणि ग्रामसेवकासमोर भरल्या ग्रामसभेत उभे राहून कोण विचारणार? त्याची तालीम येत्या रविवारी विहारात करा. आणि जाताना जमाखर्चाची नक्कल सोबत न्या.