वहीतील वाकडी रेघ

माणगावच्या पेढीवरील वृद्ध व्यापाऱ्यास वहीची सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसू लागली, तर घरचे सहज ‘मोतीबिंदू’ म्हणतात. मोतीबिंदूने सारेच धूसर होते. रेघ वाकते ती बहुधा दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, मॅक्युलाचा, विकार जडल्यामुळे. समोरचा चेहरा पुसट, कडेचे मात्र स्पष्ट. निरोगी डोळा दुसऱ्याचे वैगुण्य लपवितो. म्हणून वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, चौकटींचे पान ३० सेंटीमीटरवर धरून पाहावे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांची चाचणी हीच. ‘कोरडा’ प्रकार सावकाश वाढतो. ‘ओल्या’त नव्या रक्तवाहिन्या झिरपतात व काही आठवड्यांतही दृष्टी हरपू शकते. वेळेवर दिलेली डोळ्यातील इंजेक्शने ती बहुधा राखतात. पनवेल-मुंबईस तज्ज्ञाकडे जाण्यासाठी दिवाळीचा हिशेब संपण्याची वाट पाहू नये.