घरपट्टी चालते, घर चालत नाही

रेडी हे वेंगुर्ले तालुक्याचे दक्षिण टोक. गावाला लागूनच तेरेखोलचा किल्ला आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात मोडतो, कारण १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला आणि सीमा तशीच राहिली. त्यामुळे एकाच सड्यावरच्या शेजाऱ्यांना घराच्या बाबतीत दोन कायदे लागतात. पलीकडच्या मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, १९७५ च्या गोवा कायद्याने राहत्या घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण दिले. इकडे मात्र सारे गावठाणाची हद्द, सातबारा आणि भरतीरेषा यांवर ठरते.

कोकणातले गाव वाड्यांचे. भाटात चार घरे, सड्यावर दहा, मध्ये माडबागा. या घरांपैकी बरीचशी नोंदलेल्या गावठाणाबाहेरच असतात. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, ती गावठाणातल्या घरांना. वाडीतल्या माणसाने बिनशेतीच्या मागे लागायचे आणि सामाईक सातबाऱ्यावरच्या मुंबईकर चुलत्यांच्या सह्या गोळा करायच्या. घरकुलाचे १ लाख २० हजार मंजूर होण्याची वेळ आली, तरी स्वतःच्या नावची जागा दाखवता येत नाही. त्याच घराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद असते आणि घरपट्टीही दरवर्षी वसूल होते!

किनाऱ्यावर याहून बिकट. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना निघाली, त्यानंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही. पारंपरिक किनारी समाजांना १०० मीटरपुढे राहत्या घरापुरती सवलत. मच्छीमाराचे घर तर होडी ओढून ठेवता येईल इतके जवळ. मुलाचे लग्न ठरले की जाळी ठेवायची पडवी बंद करून तो खोली काढतो. जुन्या जोत्याबाहेर चार चिरे गेले की तीच खोली बेकायदा.

२०१९ च्या अधिसूचनेने ही पट्टी ५० मीटरवर आणली, पण कोणासाठी? दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या गावांसाठी. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची घनता होती १६३. ज्यांनी किनारा मोकळा राखला, त्यांनाच कडक नियम. हे अन्यायाचे आहे आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आपल्या घराचा नकाशा दुसऱ्याने आखला की काय होते, त्याचे टोकाचे रूप पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकेत दिसते. १९७१ च्या इस्रायली लष्करी आदेशाने तिथल्या गावांच्या नियोजन समित्या मोडीत निघाल्या. १९९५ च्या करारानंतरही सुमारे ६० टक्के प्रदेश, ज्याला ‘सी’ क्षेत्र म्हणतात, इस्रायलच्या हाती आहे. तिथल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना बांधकाम परवाना जवळपास मिळतच नाही. ब्रिटिश काळातल्या आराखड्यांत जमीन शेतीची आहे, हे त्याचे एक कारण. परवाना नाही म्हणून घर पाडले जाते. याच क्षेत्रातल्या मसाफेर यट्टाच्या वस्त्या लष्करी सरावक्षेत्रात मोडतात, म्हणून मे २०२२ मध्ये तिथल्या लोकांना हटवण्याचा मार्ग इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही मोकळा केला.

तिथे लष्करी ताबा आहे, इथे आपण निवडलेले सरकार. दोन्ही दुःखे एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. पण म्हणूनच इथली सबब अधिक लंगडी आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, तरी किनाऱ्याचा निर्णय मुंबईतले किनारा व्यवस्थापन प्राधिकरण घेते आणि नकाशे ग्रामसभेत कोणी उलगडून दाखवत नाही.

यावर सीआरझेड सरसकट सैल करणे हा उपाय नव्हे. त्याचा फायदा रिसॉर्टवाले घेतील आणि वाळूचे पुळण त्यांच्या कुंपणात जाईल. मच्छीमारांच्या पुढच्या पिढ्यांना लागणाऱ्या घरांचे आराखडे राज्यांनी करावेत, असे २०११ च्या अधिसूचनेतच म्हटले होते. ते काम आता रेडीपासून सुरू करावे: वाडीनिहाय मोजणी, तिचे ग्रामसभेत वाचन, गावठाणाबाहेरच्या जुन्या राहत्या घरांना मिळकत पत्रिका. हे होईपर्यंत घरपट्टी भरणाऱ्या एकाही राहत्या घराला पाडकामाची नोटीस काढू नये.