सूर्य दिवसाचा, मग ओलीत रात्रीचे का?

कळंबचा श्री चिंतामणी विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. दर्शनाला येणाऱ्या भाविकाला वाटेत कापूस, तूर आणि रब्बीत हरभरा दिसतो. यातील कित्येक शेतांचे ओलीत मध्यरात्री होते, हे मात्र त्याला दिसत नाही. कृषिपंपांना आलटूनपालटून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. साप, रानडुक्कर आणि काळोख हे या पद्धतीचे न लिहिलेले मोल. शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा परिसराने तर २०१८ पर्यंत ‘टी-१’ वाघिणीची दहशत सोसली आहे.

सौर प्रकल्पांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि एकदिश प्रवाह वाहू लागतो. इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो, रोहित्र दाब वाढवते आणि वीज उपकेंद्रात पोहोचते. येथे प्रकाश लागतो, उष्णता नव्हे. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून वैशाखाच्या वणव्यापेक्षा हिवाळ्यातील निरभ्र, थंड हवा पॅनेलला अधिक मानवते. आणि तेच हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस! सूर्य मावळला की उत्पादन थांबते, वीज साठवणे खर्चिक असते. दिवसा पंप चालवणे हाच या विजेचा सर्वांत स्वाभाविक उपयोग होय.

राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातीलच कोळंबीची निवड झाली. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या १२५ मेगावॅटसारखा एकच विशाल प्रकल्प उभारण्याऐवजी कृषी वाहिन्यांच्या उपकेंद्रांजवळ छोटे प्रकल्प उभारायचे, ही तिची कल्पना. वीज जिथे लागते तिथेच निर्माण होते, वहनातील गळती घटते. दीनदयाळजींनी पुरस्कारलेल्या विकेंद्रित अर्थरचनेशी हे सुसंगतच आहे. खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतली जाते. दर हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. शेतकरी जमिनीचा मालक राहतो, हे महत्त्वाचे.

तथापि एका बाबतीत स्पष्ट बोलले पाहिजे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. शासकीय जमीन शोधताना अनेक ठिकाणी नजर गायरानावर जाते. कागदावर ती पडीक दिसते. गावाच्या लेखी ती गोधनाची चराई असते. गायरान कुंपणात घालून गोसंवर्धनाची भाषणे करता येणार नाहीत. ग्रामसभेत मोकळी चर्चा व्हावी, पर्यायी चराई आधी ठरावी आणि मगच खांब रोवले जावेत. खरीच नापीक जमीन विदर्भात दुर्मीळ नाही.

गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या दोन्ही गोष्टींवर लक्ष ठेवावे. प्रकल्पाचे यश उद्घाटनाच्या मेगावॅटवरून मोजू नये. परिसरातील किती शेतकऱ्यांचे रात्रीचे ओलीत थांबले आणि किती गायींचा चारा टिकला, हे विचारावे. सूर्यनारायणाने आपला वाटा दिला आहे. त्याची न्याय्य वाटणी करणे हे आपले काम आहे.