शिष्यवृत्ती मिळाली, पण शिक्षक कुठे आहे?

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बहुतेक जुन्या महाविद्यालयांत आज दोन महाविद्यालये नांदतात. एक अनुदानित: बीए, बीकॉम, बीएस्सी, शुल्क बेताचे. दुसरे ‘सेल्फ फायनान्स’: बीएमएस, अकाउंटिंग अँड फायनान्स, आयटी, शुल्क कित्येक पटींनी जास्त. पदवी दोन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच. पहिले आकसत चालले आहे, दुसरे फुगत चालले आहे. डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयात तर अख्खे अनुदानित महाविद्यालयच विनाअनुदानित करण्याच्या हालचाली व्यवस्थापनाने सुरू केल्या आणि 2024 मध्ये शिक्षकांना आंदोलनाला बसावे लागले. तेव्हा आपल्यापैकी किती संघटना तिथे पोहोचल्या?

सांगितले जाते की सरकारकडे पैसा नाही, शुल्क घेतले तरच दर्जा वाढेल. मग वाढीव शुल्कातून शिक्षक का मिळत नाही? कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावेत, असे यूजीसीची 2018 ची नियमावली सांगते. सेल्फ फायनान्सच्या स्टाफरूममध्ये जाऊन मोजा. नेट-सेट झालेली आपलीच मुले सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तासावर शिकवतात, मेच्या सुट्टीत बिनपगारी घरी बसतात. दरवर्षी शिकवणारा बदलत असेल तर दर्जा टिकवणार कोण, रंगवलेल्या भिंती?

12 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना आकडे मांडले होते. कला महाविद्यालयांच्या खर्चातला सुमारे 36 टक्के भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कातून वसूल होत होता, हायस्कुलांच्या खर्चातला सुमारे 31 टक्के. एवढ्यावरच त्यांनी याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. ते इंग्रजांचे सरकार होते. आज ‘स्वयंअर्थसहाय्यित’ या गोंडस शब्दाचा अर्थच असा आहे की सगळा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून. आणि आपण गप्प आहोत.

गप्प का, तर आपली सगळी लढाई शिष्यवृत्तीवर येऊन थांबली आहे. महाडीबीटीचा अर्ज, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, अडकलेला हप्ता, आधी पूर्ण फी भरा म्हणणारे कार्यालय, या लढाया खऱ्या आहेत आणि लढल्याच पाहिजेत. पण शिष्यवृत्ती जागेचे पैसे भरते, शिक्षक नेमत नाही. उलट आपल्या हक्काचा हा पैसा याच विनाअनुदानित व्यवस्थेला पोसतो. त्यातून आणखी एक चोरी होते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कायम पदच निर्माण होत नसेल तर बिंदुनामावली लावायची कशावर? विद्यार्थ्यांच्या आरक्षणाला हात न लावता प्राध्यापकांच्या आरक्षणाखालची जमीनच काढून घेतली जाते.

काही मित्र म्हणतील, पोरांना आयटी हवे, इतिहास नको. हवेच, रोजगार हवा. (समाजशास्त्रात एमए केल्यामुळे माझे मन थोडे वेगळीकडे ओढते, ते सोडा.) पण आयटीला अनुदान नको, हे कुणी ठरवले? बाजारात खपणारा विषय गरिबाने विकतच घ्यायचा आणि न खपणारा विषय रिक्त पदांनी मारायचा, असा हा दुहेरी डाव आहे. मागणी अभ्यासक्रम बंद करण्याची नको. त्यांना अनुदान, मंजूर पदे आणि आरक्षणासह कायम भरती, ही मागणी हवी.

कल्याण-डोंबिवलीत दर जूनमध्ये आपण विहारांतून शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्याच टेबलावर यंदा माहिती अधिकाराचा अर्जही ठेवा, विद्यापीठाच्या नावाने. या महाविद्यालयाच्या या अभ्यासक्रमाला विद्यापीठमान्य पूर्णवेळ शिक्षक किती? त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती? संलग्नीकरणासाठी आलेल्या समितीने अहवालात काय लिहिले? अर्जाला दहा रुपये लागतात.