तुटलेल्या बोल्टचे वाचन

नांदुरा हे हमरस्त्यावरचे गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि पूर्वी 6 क्रमांकाचा असलेला, आता 53 क्रमांकाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग, या दोहोंनी या गावाला घडवले. साहजिकच चारचाकीची हौस इथे नवी नाही. जुनी जीप मिळवायची, तिला रुंद टायर आणि चकचकीत रिंगा चढवायच्या आणि हनुमानाच्या 105 फुटी मूर्तीसमोरून ती मिरवायची, या हौसेला आमच्या महाविद्यालयातील तरुणही अपवाद नाहीत. या हौसेशी आमचे भांडण नाही. चाकाचा बोल्ट तुटला की नवा ठोकून मोकळे व्हायचे, या वृत्तीशी मात्र आहे.

मुळात चाक बोल्टवर टेकून उभे असते, हा समजच चुकीचा आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिंग हबवर घट्ट दाबली जाते. भार पेलते ते या दाबातून येणारे घर्षण. दाब कमी झाला की मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बोल्ट वाकतो आणि सरळ होतो. जुन्या जीपच्या 16 इंची रिंगेवरचे मूळ टायर एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे घेते. म्हणजे शंभर किलोमीटरमध्ये पंचेचाळीस हजार वेळा वाकणे झाले. पोलादही थकते.

म्हणून तुटलेला तुकडा फेकून देण्याआधी वाचावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तुटलेल्या पृष्ठाचा मोठा भाग गुळगुळीत असेल, त्यावर ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा कमानदार रेषा असतील आणि एका कडेला थोडा भाग खरबरीत असेल, तर बोल्ट दिवसेंदिवस थकत जाऊन तुटला, असे समजावे. नट सैल राहिला असेल, रिंग आणि हब यांच्यामध्ये रंगाचा वा गंजाचा थर असेल, किंवा रिंग बाहेर काढण्यासाठी घातलेला स्पेसर नीट बसत नसेल. याउलट बोल्टची मान बारीक झालेली असेल आणि आटे ओढल्यासारखे दिसत असतील, तर दोष आवळणाऱ्या हाताचा, किंवा हल्ली हातात असलेल्या हवेच्या गनचा. आट्यांना तेल लावून आवळल्यास तेवढ्याच जोराने बोल्टवर कितीतरी अधिक ताण येतो, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या जीपची आणखी एक खोड आहे. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत ज्या विलीज जिपांची जोडणी सुरू केली, त्या घराण्यातील जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. पुढे धावताना नट आपोआप सैल होऊ नयेत, यासाठी केलेली ती तजवीज होती. हे ठाऊक नसलेला कारागीर डावा नट सोडवण्याच्या नादात आवळत जातो आणि बोल्ट पिळून तुटतो. मग ‘जुना माल, तुटणारच’ असा निवाडा होतो. ज्या गाडीत मागाहून दुसऱ्या गाडीचे हब बसवले आहे, तिथे तर एकाच गाडीत दोन्ही रीती नांदतात. त्यात मापांचा घोळ असतो. विलीजचा बोल्ट अर्ध्या इंचाचा, एका इंचात वीस आटे असलेला. त्याचा नट 12 मिलिमीटरच्या, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या बोल्टवर सहज चढतो, कारण दोहोंच्या आट्यांतील अंतर जवळजवळ सारखेच आहे. चढतो, पण धरत नाही.

मराठीच्या अभ्यासकांना हे सारे परिचित वाटावे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती आधीचे पाठ ताडून पाहून. मूळ काय होते आणि ते तसे का होते, हे जाणल्याखेरीज संपादकाने लेखणी उचलू नये, हा संकेत आपण ग्रंथांच्या बाबतीत मानतो. यंत्राच्या बाबतीत तो का मानू नये? डावे आटे उलटे का, हे न विचारता ते बदलणारा कारागीर आणि अर्थ न कळलेला शब्द खोडून सोपा शब्द घालणारा लेखनिक यांच्यात आम्हांस फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो परिणामाचा. भ्रष्ट पाठाने कोणाचा जीव जात नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडची जुगाडाची परंपरा अशी हिणवू नका. आम्ही ती हिणवत नाही. सुटा भाग मिळत नसताना गाडी चालती ठेवणारा ग्रामीण मिस्त्री आदरास पात्रच आहे. पण वारंवार तुटणारा बोल्ट हबला वेल्ड करून टाकणे ही युक्ती नव्हे, कारण त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. कायद्याचा कौलही स्पष्ट आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे म्हटले. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला, तोही मूळ रूप राखल्यासच.

तेव्हा जीपमालकांना आमची विनंती अशी. एक बोल्ट तुटला असेल तर त्या चाकाचे पाचही बदलावेत, कारण त्याचा भार शेजाऱ्यांनी सोसलेला असतो. नट आडवे-तिरपे क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. स्पेसर काढून टाकून पाहावा. आणि मिस्त्रीला ‘किती वेळ लागेल?’ असे विचारण्याआधी ‘का तुटला?’ असे विचारावे. निखळलेले चाक जीपच्या मालकापाशी थांबत नाही. महामार्गाच्या कडेने सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलाचा त्या हौसेत काहीही वाटा नसतो.